हरूशेठची मुकी गाडी

हरूशेठ म्हात्रे गाडी घ्यायला जाताना पिशवीत गुण्या घेऊन जातात. भिंतीचा कोपरा काटकोनात आहे की नाही, हे गवंडी ज्या लोखंडी काटकोनाने बघतो, तो गुण्या. शोरूमच्या चकचकीत फरशीवर टाय लावलेला विक्रेता हात बांधून उभा राहतो, आणि हरूशेठ पांढरी पँट सावरत गुडघ्यावर बसतात, गाडीच्या मागच्या दाराला गुण्या लावतात आणि एक डोळा मिटतात. फट दिसली की गाडी नापास.

"गारी चौकोनी पायजे," ते म्हणतात. "गोल गारी म्हंजे साबन. हातातून सुटली का गेली."

त्यांच्या बोलीत 'ड'चा 'र' आणि 'ळ'चा 'ल' होतो, 'मला'चं 'मना'. ते भाईंदरचे मूळचे आगरी, बापजाद्यांचं मिठागर आणि भातशेती असलेले. मी गिरगावातून इथे राहायला आलो त्याला वीस वर्षं झाली, तरी त्यांच्या लेखी मी अजून पाहुणाच.

चौकोनाचं हे वेड गाडीपुरतं नाही. हरूशेठच्या घरातलं घड्याळ चौकोनी, ताटं चौकोनी. गोल बिस्किट समोर आलं तर ते चारी बाजूंनी कडा चावून त्याला आधी चौकोनी करतात आणि मगच चहात बुडवतात. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. एकदा धीर करून कारण विचारलं, तेव्हा ते गंभीर झाले.

"पेंडसे, देवानं दर्या केला. त्याला काय आकार हाय? न्हाय. मानसानं त्याच दर्याचं पानी चौकोनी वाफ्यात घेतला, तवा मीठ झाला. गोल वाफा बघितलाय कुठं?"

मी बघितला नव्हता.

आमची इमारत म्हात्र्यांच्याच भाताच्या खाचरावर उभी आहे. पहिला मजला सगळा हरूशेठचा. त्यांच्या गाडीच्या जागेच्या बरोबर वर, दुसऱ्या मजल्यावर, माझी झोपायची खोली. मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे, कारण ज्या सभेत निवड झाली त्या सभेला मी गैरहजर होतो. हे सगळं आधी सांगतोय ते अशासाठी, की पुढे जे घडलं त्यात माझा अपराध आहे, आणि तो नेमका किती हे वाचणाऱ्यानेच ठरवावं.

तर ती गाडी. काळी, उंच, लोखंडी कपाटाला चाकं लावावीत तशी. जाहिरातीत असल्या गाड्या वाळवंटात उड्या मारतात आणि नद्या ओलांडतात. हरूशेठची गाडी कमरेइतक्या पाण्यातून जाऊ शकते, असं तिच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. ते पान त्यांनी बुकमार्क घालून ठेवलंय. पण रस्त्यावर घोटाभर पाणी साचलं की ते गाडी उंचवट्यावर लावून रिक्षाने जातात. "पाय भिजले का गारीला सर्दी व्हते."

"कधी रस्ता सोडून डोंगराबिंगरात नाही नेलीत?" मी एकदा विचारलं.

"पेंडसे, रस्ता सोरायला आधी रस्ता लागतो," ते म्हणाले. आमच्या फाटकापुढे तेव्हा तीन महिने खणलेलं होतं.

पण हरूशेठचा खरा जीव गाडीच्या आकारापेक्षाही आवाजात होता. डिझेलचं जुनं इंजिन. रोज सकाळी साडेसहाला ते गाडी सुरू करत आणि दहा मिनिटं नुसती उभी ठेवत. "तापू दे तिला." आमच्या खिडकीच्या काचा थरथरत. कपाटातले पेले एकमेकांना लागून वाजत. धूर सरळ वर येई आणि माझी बायको खोकत उठे. मग गाडी जाई, आणि पाऊण तासाने परत येई. कुठे जाते, कुणालाच माहीत नव्हतं. वॉचमनचं मत होतं, की शेठ काशीमीऱ्याच्या हॉटेलात नाश्ता करतात. माझं मत होतं, की ते नुसते मिरवायला जातात. हे मत मी चारचौघांत बोलूनही दाखवत असे.

मी तोंडावर भांडणारा माणूस नाही. त्यामुळे मी फार हलकी गोष्ट केली. एका रविवारी दुपारी, सगळी इमारत जेवून झोपलेली असताना, मी हरूशेठच्या पत्रपेटीत एक निनावी पत्र टाकलं. टाइप केलेलं. 'सविनय निवेदन' अशी सुरुवात. त्यात मी पर्यावरण, भावी पिढ्या, ध्वनिप्रदूषण वगैरे सगळं घातलं, फक्त बायकोचा खोकला घातला नाही, कारण त्यावरून मी ओळखू आलो असतो. शेवटी, वाक्य गोल व्हावं म्हणून, 'हल्ली हायब्रीड प्रकारची वाहने उपलब्ध असून ती शांत व सुसंस्कृत असतात, याची कृपया नोंद घ्यावी' असं लिहिलं. खाली सही, 'आपला एक हितचिंतक'.

संध्याकाळी दारावर थाप. हरूशेठ, हातात पत्र.

"पेंडसे, हे वाचा. आपला कोनतरी हितचिंतक हाय बिल्डिंगीत."

मी माझंच पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. दोन ठिकाणी व्याकरण खटकलं, तेही गिळलं.

"काय लिवलाय मानसानं," ते म्हणाले. "एवरा आपल्यासाठी कोन इचार करतो आजकाल?" आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो.

दीड महिन्याने जुनी गाडी गेली आणि नवी आली. तोच आकार, तीच कंपनी, तोच काळा रंग. गुण्याला पास. फक्त हायब्रीड. अर्धी विजेवर, अर्धी पेट्रोलवर. नारळ फुटला, चाकाखाली लिंबं चिरडली, पेढे वाटले. हरूशेठ आत बसले आणि त्यांनी बटण दाबलं.

काहीच झालं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं.

"शेठ, आपने अभी बंद कर दिया," कंपनीचा माणूस म्हणाला. "पहले चालू थी."

"चालू व्हती? कुठं चालू व्हती?"

हा प्रकार चार वेळा झाला. शेवटी हरूशेठनी खाली उतरून बॉनेटला कान लावला. आम्हीही आळीपाळीने लावला. हरूशेठच्या पत्नी, शेवंतावहिनी, आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "एवरी मोठी गारी, नि आपला फ्रीज बी यापरीस जास्ती बोलतंय."

त्या दिवसापासून अवकळा सुरू झाली. इमारतीतली मांजरं पूर्वी इंजिन घुरघुरलं की पळायची. आता ती बॉनेटवर झोपूनच फाटकापर्यंत जाऊ लागली. वॉचमन फाटक उघडेना, कारण गाडी आलेली त्याला कळेना. त्यात काशीमीऱ्याच्या सिग्नलला जे झालं, त्याचा मी साक्षीदार आहे, मागच्या सीटवर होतो. सिग्नल हिरवा झाला, हरूशेठ नाकाला चष्मा लावून गाडीच्या पडद्यावर काहीतरी वाचत राहिले, आणि शेजारच्या रिक्षावाल्याने डोकं बाहेर काढलं.

"चाचा, बंद पड़ गई क्या?"

"बंद न्हाय! चालू है!"

रिक्षावाल्याने कान दिला. मग त्याने फार करुणेने हरूशेठकडे पाहिलं. "कोई नहीं, चाचा. महँगी गाड़ी में ऐसा होता है." त्याने हाका मारल्या. दोन हमाल, एक भाजीवाला आणि एक ट्रकचा क्लीनर धावत आले आणि 'हईशा' करत गाडी ढकलू लागले. हरूशेठना ती चालू आहे हे कुठल्याच मार्गाने सिद्ध करता येईना. शेवटी त्यांनी स्टिअरिंग धरलं, तोंड फिरवलं, आणि ती वाळवंट ओलांडणारी गाडी चार माणसांनी ढकलत पेट्रोल पंपापर्यंत नेली.

मला हसू आलं, हे कबूल करतो. पण आरशात हरूशेठचा चेहरा दिसला आणि हसू विरलं. त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. घाबरलेल्या माणसासारखा चेहरा होता तो.

पुढच्या दोन-तीन दिवसांत ते वाळल्यासारखे झाले. सकाळी जात, आणि पाऊण तासाऐवजी दीड-दोन तासांनी येत. एका संध्याकाळी तर मी त्यांना गोल बिस्किट तसंच खाताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता ते माझ्या दारात.

"पेंडसे, चला जरा. शिकल्यासवरल्या मानसाचं काम हाय."

गाडी काशीमीऱ्याकडे गेली नाही. ती उत्तनच्या रस्त्याला लागली आणि मोर्वा गावात शिरली. एका कौलारू घरासमोर, रस्त्याच्या कडेला, हरूशेठनी गाडी उभी केली. ओटीवर कुणी नव्हतं. चार कोंबड्या, एक आरामखुर्ची, दाराला कडी नुसती अडकवलेली.

"ह्या घरात दादूस ऱ्हातो," ते म्हणाले. "माजा मोठा भाऊ."

हरूशेठना भाऊ आहे, हे मला वीस वर्षांत माहीत नव्हतं.

आठ वर्षांपूर्वी मिठागर विकायचं ठरलं तेव्हा दादूसने, म्हणजे काशिनाथ म्हात्र्यांनी, सही करायला नकार दिला होता. हरूशेठनी केली. त्या दिवसापासून अबोला. दादूसची बायको वारली, मुलगी लग्न होऊन वसईला गेली, आता ते एकटेच. आणि हरूशेठ आठ वर्षं रोज सकाळी इथे येऊन गाडी उभी करत होते. दहा मिनिटं. इंजिन चालू ठेवून.

"का?"

"मंग तो बाहेर यायचा ना! सकाली परसात असतो. आवाज आयकला का ओटीवर यायचा नि वरडायचा. मना न्हाय हां, कोंबऱ्यांना. 'कोन कुत्रा रोज सकाली धूर सोरतंय गो!' मी बी त्याला बोलायचो न्हाय. मी स्टेरिंगला बोलायचो, 'रस्ता सरकारचा हाय.' झाला. मना कलायचा का आज आवाज खनखनीत हाय. बसला असला तर मी त्याच्या पोरीला वसईला फोन करायचो, बापाला डॉक्टरकरं ने."

ओटीवरची आरामखुर्ची रिकामीच होती.

"आज नऊ दिस झाले," हरूशेठ म्हणाले. "गारी येते, उभी ऱ्हाते, जाते. त्याला पत्ताच न्हाय. तो बाहेर येत न्हाय. हाय का न्हाय, तेवरा तरी कलाया पायजे. पोर तर सासरच्यांबरोबर देवाला गेलीय, फोन लागत न्हाय."

"हॉर्न वाजवा ना!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी देवळात चप्पल घालून शिरलो होतो. "हॉर्न म्हंजे हाक मारली. हाक मारली का मी पयला बोललो. इंजिनाचा तसा न्हाय. इंजिन आपसूक वाजतं."

"शेजारी कुणाला विचारलं तर?"

"गावात इचारला का संध्याकालच्या आत दादूसला कलल, हरू इचारत व्हता."

मग त्यांनी मला कशाला आणलं ते सांगितलं. कंपनीच्या माणसाने सांगितलं होतं, की बॅटरी उतरली की पेट्रोलचं इंजिन आपोआप सुरू होतं. म्हणून बॅटरी उतरवायची होती. पण शेवंतावहिनी गाडी रोज मोबाइलसारखी काठोकाठ चार्ज करत. अर्धी भरलेली कुठलीही वस्तू त्यांना बघवत नाही.

आम्ही कामाला लागलो. पडद्यावरचं इंग्रजी मी वाचायचं, हरूशेठनी बटण दाबायचं. एसी पूर्ण. दिवे पूर्ण. काचेवर थेंब नसताना वायपर. मागच्या काचेचा हीटर. सीटचा हीटर. आणि मग, मला नीट न वाचता आल्यामुळे, सीटचा मसाज. माझ्या पाठीत कुणीतरी आतून बुक्क्या मारू लागलं. खालून चटके, वरून बर्फासारखा वारा. मोर्व्याच्या रस्त्यावर, सकाळी सात वाजता, दोन पोक्त माणसं पुढे बघत गदागदा हलत बसली होती. एक बाई दुधाची किटली घेऊन जाता जाता थांबली आणि बघून पुढे गेली.

पंधरा मिनिटं झाली. बॅटरी ब्याण्णव टक्के.

मला ते सहन होईना. चटके नव्हे, ते दुसरं.

"ह-ह-हरूशेठ," मी म्हणालो. मसाज थांबत नव्हता. "ते प-पत्र मी लि-लिहिलं होतं. हित-त-तचिंतक मी."

"मना ठावं हाय," ते पुढेच बघत म्हणाले. "पयल्या दिशी कलला. अख्ख्या बिल्डिंगीत 'सविनय' कोन लिवतंय?"

"मग तरी गा-गाडी बदललीत?"

"लिवलेला बरोबर व्हता. मी खाली गारी तापवायचो नि वर तुमची बायको खोकायची. आयकू यायचा मना. कोरडा खोकला. मी बोललो, दादूसची तब्येत बघाया मी दुसऱ्याच्या घरात खोकला लावतो, ह्यो कंचा न्याय?" त्यांनी वायपर बंद केला. "पन हे असा मुकं जनावर येल, हे न्हाय ठावं व्हतं."

मी दार उघडलं आणि उतरलो. काय करणार हे ठरवलं नव्हतं. एवढंच डोक्यात होतं, की माझा त्या घराशी अबोला नाही. मागून हरूशेठ दबक्या आवाजात ओरडले, "पेंडसे! मी इचारला म्हनून सांगू नका!"

कडी काढून मी हाक मारली. मागच्या परसातून पावलं आली. उंच, वाळलेले, बनियन आणि लुंगीतले काशिनाथ म्हात्रे. हातात दातवण, आणि हरूशेठचेच कान. जिवंत. मला इतकं हायसं वाटलं, की मी त्यांना नमस्कारच केला.

"कोन तुमी?"

"मी पेंडसे. भाईंदरला राहतो. हरूशेठच्या इमारतीत."

दातवण थांबलं. त्यांनी मला दंडाला धरून आत ओढलं आणि दार लोटून घेतलं.

"काय झाला त्याला? नऊ दिस गारी न्हाय आली. आठ वर्सांत कवा चुकली न्हाय. आजारी हाय? खरा सांगा."

"बरे आहेत. गाडी रोज येते. आत्ताही उभीच आहे बाहेर. नवी आहे, आवाज करत नाही."

त्यांनी खिडकीच्या फटीला डोळा लावला. काळा चौकोन रस्त्याच्या कडेला उभा होता, दिवसाढवळ्या सगळे दिवे लागलेला. ते किती तरी वेळ तसेच वाकून उभे राहिले. पाठ जराशी हलली, तेवढंच मला दिसलं.

"मी इचारला म्हनून सांगू नका त्याला," ते न वळता म्हणाले.

"नाही सांगत."

मग त्यांनी माठातून मला पाणी दिलं. मी प्यायलो. त्यांनी दुसरा तांब्या भरला आणि तो हातात धरून उंबऱ्याशी अडखळले.

"तो न्हाय पिनार," ते म्हणाले. "आठ वर्सं ह्या घरचा पानी सोरलाय त्यानी. आमच्यात तसाच असतो. बोलना बंद का पानी बंद." थोडं थांबून त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला. "पन गारीला काय अबोला न्हाय. उन्हाची उभी हाय. तिच्यात वता."

सात वाजून वीस मिनिटं झाली होती. उन्हाचा पत्ता नव्हता. मी तांब्या घेऊन बाहेर आलो.

"कसा हाय?" हरूशेठनी काच खाली करून विचारलं.

"छान आहेत. आवाज खणखणीत आहे. गाडीला पाणी दिलंय. आत ओता म्हणाले."

हरूशेठनी तांब्या हातात घेतला. ह्या गाडीत असं तांब्याने पाणी ओतत नाहीत, हे मलाही ठाऊक होतं. ते उतरले. त्यांनी बॉनेट उघडलं. ते भलं थोरलं चौकोनी झाकण वर गेलं आणि घराच्या आणि त्यांच्यामध्ये भिंतीसारखं उभं राहिलं. खिडकीतून आता त्यांचे फक्त पांढरे बूट दिसत असणार. मी बाजूला होतो, मला ते पूर्ण दिसत होते. त्यांनी दोन्ही हातांनी तांब्या धरला, तोंडाला लावला आणि मध्ये न थांबता रिकामा केला. मग बाहीने ओठ पुसले, डोळेही पुसले, आणि बॉनेट लावलं.

"सांगा त्याला," ते मोठ्याने म्हणाले, अगदी ओटीपर्यंत ऐकू जाईल असं, "गारी प्याली म्हनून."

मी तांब्या परत द्यायला गेलो. काशिनाथ म्हात्रे दारातच उभे होते. त्यांनी तांब्या उलटा करून पाहिला. एक थेंबही पडला नाही.

"सगला प्याली?"

"सगळं."

"मोठी गारी हाय," ते म्हणाले. "उद्या हंडा भरून ठेवतो."